खाडाखोड

कोथरूडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ‘फॉर्मवर खाडाखोड करू नये’ ही पाटी मीच लावली आहे आणि तिला अजिबात न जुमानणारं गिऱ्हाईक एकच. आफ्रिकेतून पीएचडीसाठी आलेला एक उंच गृहस्थ.

त्याचा देश शेजाऱ्यापासून फुटून निघालेला. सरकार आहे, नोटा आहेत, पण जग त्याला देश मानत नाही. त्यामुळे कॉलेजच्या फॉर्मवर शेजाऱ्याचंच नाव छापून येतं. हा ते पट्टी धरून सावकाश खोडतो आणि वर सुबक अक्षरात आपल्या देशाचं नाव लिहितो. ऑफिस फॉर्म परत पाठवतं. हा पुन्हा माझ्या दारात.

“काका, अजून एक प्रिंट.”

“अहो, परत पाठवतील.”

“पाठवू देत. मला वेळ आहे.” मराठी मेसमध्ये शिकलेलं, एकेक शब्द सुटा ठेवून बोललेलं.

गेल्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला. तिकडे संसदेची निवडणूक झाली होती.

“तुमचा पक्ष आला वाटतं,” मी म्हणालो.

“नाही. पडला.”

“मग पेढे कसले?”

“आमच्या नेत्याने हार मान्य केली, काका. जिंकलेल्याच्या घरी जाऊन हात मिळवला. एक दगड नाही उडाला.” तो ताठ उभा राहिला. “आता सांगा, देश आहे की नाही?”

मी पेढा तोंडात टाकला. त्याचा नवा फॉर्म पुढे ओढला आणि माझ्याच पाटीखाली बसून, पट्टी धरून, शेजाऱ्याचं नाव खोडलं.