तहुरवाइलीचा नंबर कितवा?

जर्सी सिटीहून स्टेट कॉलेज नावाचं विद्यापीठाचं गाव म्हणजे इंटरस्टेट ऐंशीवर चार तास, आणि शेजारी आमचे बाबा असतील तर सहा. प्रत्येक रेस्ट एरियात त्यांना चहा हवा होता आणि प्रत्येक चहाला नावं ठेवायची होती.

२००६ चा एप्रिल. माझी धाकटी बहीण केतकी तिथे पीएच.डी. करत होती. तिचं पहिलं मोठं भाषण होतं, तेही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तहुरवाइली नावाच्या हित्ती राजावर. पण बाबा नागपूरहून नुसतं भाषण ऐकायला आले नव्हते. जन्मभर वारसाहक्काचे दावे लढवलेल्या या वकिलापुढे आता स्वतःचं ऑफिस कोणाला द्यायचं हा प्रश्न होता. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे बाद. केतकी एलएल.बी. झालेली.

"या खेपेला तिला घेऊनच जातो," डोंगराच्या चढावर ते म्हणाले. मी पुढच्या रेस्ट एरियाची पाटी शोधू लागलो.

जाणार असाल तर खायचं सोबत न्या, देशी दुकानं तिथे नावापुरतीच आहेत. फुटबॉलचा सीझन टाळलात तर मोटेल स्वस्तात मिळतं. आणि हरणांकडे लक्ष ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दाराशी बाबांनी पिशवीतून दही-साखरेचा डबा काढला. केतकीने लाजत तळहात पुढे केला. मागे उभ्या असलेल्या तिच्या अमेरिकन गाइड बाईंना वाटलं, आमच्याकडे सगळ्यांनीच घ्यायची रीत असावी, त्यांनीही हात पुढे केला. बाबांनी त्यांच्याही हातावर चमचाभर घातलं.

"बाबा, तहुरवाइलीबद्दल त्यांचं मत माझ्या एकदम अपोझिट आहे!" केतकी कुजबुजली.

"असू दे. समोरच्या वकिलालाही मी चहा पाजतो."

भाषण मला चक्क समजलं. तेलिपिनू राजाने नियम घालून दिला होता: पट्टराणीचा मुलगा नसेल तर दुसरीचा, तोही नसेल तर मुलीचा नवरा. म्हणजे घरजावईच! त्याचा जावई अल्लुवम्ना गादीवर बसलाही. पण तहुरवाइलीही राजा होता. त्याचा उरलाय एक मुद्रेचा ठसा आणि एका तहाचा तुकडा. तो जावयाच्या आधीचा की नंतरचा, खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. केतकीचं म्हणणं, आधीचा.

प्रश्न विचारायची वेळ आली आणि बाबांनी हात वर केला.

"मॅडम," पोटच्या मुलीला ते वकिली इंग्रजीत म्हणाले, "जावई असताना हा मध्ये शिरला कसा? याचा हक्क काय?"

"हक्काचा पुरावा नाही, सर," केतकी शांतपणे म्हणाली. "ताब्याचा आहे. उद्या दुसरी मुद्रा सापडली तर मी मत बदलेन."

बाबा खाली बसले. गाइड बाई म्हणाल्या, मला पटलेलं नाही, पण उत्तर चोख आहे. ही माझी बहीण, असं उठून सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं मला.

संध्याकाळी विद्यापीठाच्या डेअरीचं आइस्क्रीम खाताना बाबा आता ऑफिसचा विषय काढणार म्हणून आम्ही दोघं धास्तावलो होतो. त्यांनी फक्त दुसरा स्कूप मागितला.

घरी पोहोचेपर्यंत मी निम्मे राजे विसरलो होतो. केतकीचं ताठ मानेने "पुरावा नाही" म्हणणं तेवढं मनात राहिलं. बूट काढायच्या आधीच बाबांनी नागपूरला त्यांच्या ज्युनिअरला, सावंतला, फोन लावला.

"ऑफिसच्या पाटीवर तुझं नाव घालून घे," ते म्हणाले. "नाही, केतकी येत नाही. तिच्याकडे साडेतीन हजार वर्षांची केस पेंडिंग आहे."