सरळ आहे, सर

डॉ. खोत सरांचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे — आणि जे आज तुम्हाला सांगतोय ते त्यांनाच काय, कुणालाच मी सांगितलेलं नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावाहून पशुवैद्य होऊन शहरात आलो, तेव्हा सरांनी सानपाड्याच्या स्वतःच्या घरात मला जागा दिली, बेलापूरच्या दवाखान्यात हाताखाली घेतलं. म्हणून तर—

राणी ही नेरूळ गावातल्या हसुरामदादांची वरातीची घोडी. तिच्यावरच त्यांचं घर चालायचं. खाडीकाठी चरताना गवताबरोबर रेती पोटात गेली आणि मोठं आतडं गच्च भरलं. पोट उघडण्यावाचून मार्ग नव्हता. "वाचंल ना, डाक्तर?" दादा सारखे विचारत होते. "वरातीत नवरा नसला तरी चालंल, आमची रानी पायजे." स्वतःच हसले, पण डोळे भरलेले.

सरांनी आतडं बाहेर काढलं, चिरून रेती धुतली, टाके घातले. ते परत आत ठेवताना पीळ राहिला तर जनावर जातं. म्हणून हात खोल घालून, आतड्याच्या लांबीभर जाणाऱ्या स्नायूच्या पट्टीवरून बोटं फिरवत मुळापर्यंत जायचं; पट्टी सरळ लागली, तर पीळ नाही. सर म्हणाले, "आज तू बघ."

केवढा विश्वास! मी कोपरापर्यंत हात घातला. पट्टी सापडली — आणि मध्येच बोटांखालून निसटली. पुढे ती कुठे वळली, कळेना. एवढंच म्हणायचं होतं ना — कळत नाही, सर? त्यांनी सगळं पुन्हा बाहेर काढलं असतं. रागावलेही नसते. पण माझ्या गावाकडच्या बोलण्याला हसणारे सहकारी टेबलाभोवती उभे होते.

"सरळ आहे, सर," मी म्हणालो. सरांनी पोट शिवलं.

दुसऱ्या दिवशी राणी गेली. शवविच्छेदनात आतड्याला पीळ दिसला. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दादांना म्हणाले, "माझ्या हातून चुकलं." आणि मी? मी शेजारी हातमोजे धूत होतो. "ऱ्हाऊ द्या, डाक्तर," म्हणून दादा नुसता लगाम घेऊन गेले.

त्यानंतर सरांनी घोड्याचं पोट कधीच उघडलं नाही. वाचली असती अशी किती जनावरं त्यांच्या दारातून परत गेली असतील?

मी लवकरच दुसरीकडे नोकरीला लागलो. तिथून सरांना पत्र धाडलं. ते मला पाठ आहे—

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. राणीचं मनाला लावून घेऊ नका. अशा शस्त्रक्रियेत कधीकधी चूक होतेच. तरीही मी तुम्हालाच गुरू मानतो."