मामीचं ‘जातंय’

जन्म मुलीचा, पण बोलायला लागल्यापासून माझ्या तोंडी ‘मी जातो, मी खेळतो’ असंच. दोन मोठ्या भावांचं ऐकून शिकलं, असं आई सगळ्यांना सांगायची. शर्टही त्यांचेच जुने, आणि केस कापायला त्यांच्याबरोबरच न्हाव्याकडे. आमच्या बेलवली गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, “पोर आलं का शाळेतून?” ते ‘आलं’ मला फार आवडायचं.

पाचवीत मात्र मराठीच्या बाईंनी अडवलं. “बाई, मी पाणी पिऊन येतो” म्हटलं की वर्ग हसायचा आणि बाई मला दारातच थांबवायच्या.

“येते म्हण. त्याशिवाय जायचं नाही.”

‘येते’ म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटायचं. ‘येतो’ तरी पूर्ण खरं होतं असं नाही, पण ते निदान टोचत नव्हतं. शेवटी मी एक युक्ती काढली. “बाई, तहान लागलीय.” “बाई, गृहपाठ केलाय.” जातो-जाते यायलाच नको! पण दिवसभर प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं म्हणजे डोकं दुखायचं.

त्याच वर्षी मामाला अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मामा-मामी मालवणकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी मामी पदर खोचून आईला म्हणाली, “वन्सं, मी पाणी भरूक जातंय.”

आतून मामा ओरडला, “थांब, मीय येतंय!”

माझा चहा हातातच राहिला. “मामी, तू पण जातंय आणि मामा पण येतंय?”

“मगे? आमच्याकडे बायलमाणूस असो, बापयमाणूस असो, सगळ्यांचा ‘जातंय’च.”

एवढं सोपं होतं तर! मामीच्या मागे मागे फिरून मी ते बोलणं उचललं आणि सोमवारी वर्गात उभं राहून म्हटलं, “बाई, मी पाणी पिऊन येतंय.”

बाईंनी चष्मा काढला. “ही कुठली भाषा?”

“मालवणी, बाई. मामीची.”

बाईंनी आईला बोलावणं धाडलं. आईला बरं नव्हतं, म्हणून मामीच गेली. बाई म्हणाल्या, “अहो, मुलगी आहे ना ती?”

“आसा. मगे?” मामी म्हणाली. “पोर पाणी पिऊन परत वर्गात येता ना?”

बाई खो-खो हसायला लागल्या. “येतंय तर येतंय. पण परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं!” पुढचे कितीतरी दिवस अख्खा वर्ग ‘येतंय-जातंय’ करत होता. मला कुणी दारात अडवलं नाही.

नव्वदनंतर मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या दुकानात नोकरी धरली. शेठ सिंधी. त्यांच्या मराठीत खुर्ची ‘आला’ आणि पंखा ‘बंद झाली’, त्यामुळे माझ्याबद्दल ते काय म्हणतात याची कुणालाच फिकीर नव्हती. नवं गिऱ्हाईक मात्र मला न्याहाळून हळूच त्यांना विचारायचं, “ये लडका है कि लडकी?”

“उसीसे पूछो ना!” शेठ म्हणायचे.

“दोन्ही, थोडं थोडं,” मी सांगायचं. “कंबर किती तुमची?”

लोक हसायचे, आणि कंबरेचं माप सांगून मोकळे व्हायचे.