रूथआजींच्या चौकटीवरची डबी

मंडळी, दुपारपासून नुसता बसून आहे, म्हणून इथे लिहितोय.

इथे जर्मनीत आमच्या मजल्यावर दोनच दारांना काही लावलेलं असायचं. आमच्या दाराला तोरण आणि समोरच्या रूथआजींच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे ज्यू लोक दाराला लावतात ती प्रार्थनेची छोटी डबी. मागच्या आठवड्यात कुणीतरी आजींच्या पोस्टाच्या पेटीवर ज्यूंवरून घाणेरडी शिवी लिहून गेलं.

आज राठहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, अशाच प्रकारांवर बैठक होती. मी आजींसोबत गेलो. महापौरबाई मनापासून बोलल्या. पोलिसांची गस्त वाढणार, तक्रारींसाठी वेगळा माणूस नेमणार. आजींनी सगळं वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर म्हणाल्या, "तुझा स्क्रूड्रायव्हर देतोस? ते सगळं होईपर्यंत ही डबी आतच बरी."

मी पडलो इंजिनिअर. मीच काढून दिली. भोकं बुजवली, पॉलिश पेपर मारला, रंगसुद्धा जुळवला. तिथे काही होतं हे आता कळतही नाही.

आजी चौकटीवरून हात फिरवून म्हणाल्या, "छान केलंस."

आमचं तोरण अजून दारावर आहे. तुम्ही स्क्रूड्रायव्हर दिला असता का?