फळीवर उभं राहून पारखलेला आयर्न

सांगलीच्या एका दुकानदाराने मला फसवलं. जुन्या सोल्डरिंग आयर्नची नळी घासून चकचकीत केली, आतला मोडका माल तसाच ठेवला आणि नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला. भोगलं ते माझ्या बायकोने.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडूजला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी रेडिओ दुरुस्त करायचो. मला कुणी शिकवलं नव्हतं. मोडके रेडिओ उघडून उघडून शिकलो. चांगला आयर्न एकच होता. तो बिघडला की काम ठप्प. म्हणून अडीनडीला असावा असा स्वस्तातला दुसरा बघायला मी सांगली गाठली.

दुकानदाराने तीन पुढे ठेवले. एक जाडजूड, भांड्याला डाग द्यायला ठीक. ट्रान्झिस्टरची नाजूक तार त्याने जळाली असती. दुसरा उत्तम, अर्थिंगसकट तीन तारांच्या वायरचा, पण महाग. वर्षातून चारदा लागणाऱ्या वस्तूला एवढे कोण घालतो? तिसरा लहान, लाकडी मुठीचा, दोन तारांचा.

"तिसरी तार कशाला पायजे? आमच्या बोर्डाला भोकंच दोन हायती," मी म्हणालो.

"मग ह्योच न्या की, पावणं. हाताला लय हलका."

"करंट मारतोय का बगू दे आदी."

"या की वर. धरा हातात."

गल्ल्यामागे जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. चपला काढून मी वर चढलो. आयर्न लावला आणि तापायच्या आत नळीला बोट लावून पाहिलं. काही नाही. मग भाव आणखी पाडला आणि खुशीत एसटीत बसलो.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. आयर्न, पक्कड, चिमटे हळदकुंकू लावून चौरंगावर मांडले की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नेमका त्याच सकाळी फौजेतला एक हवालदार आला. रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. म्हाताऱ्या वडिलांचा रेडिओ सुरू करून जावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण एक चिमटा सोडला तर सगळं पूजेत.

"आवं, त्यो नवा काढा की," बायको म्हणाली. "खोक्यातच हाय. त्यो अजून देव झाला न्हाई."

हवालदार हसला. मीही हसलो.

आमची कामाची एक रीत होती. मी चिमट्याने तार धरायची, तिने आयर्न टेकवायचा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. मी पाटावर बसायचो, ती समोर भुईवर. सणाचं सारवण नुकतंच झालेलं, भुई अजून ओली होती.

पहिला जोड बसला. माझ्या बोटांना किंचित मुंग्या आल्या. चिमटा घट्ट धरल्यामुळे असेल म्हणून मी बोललो नाही. दुसऱ्या जोडाला तिची बोटं मुठीवरून घसरून नळीच्या बुडाला लागली, आणि हात तिथेच आवळला.

ती ओरडली नाही. तोंड उघडं, आवाज नाही, डोळे माझ्यावर. मी तिच्याकडे झेपावणार, तोच हवालदार गरजला, "हात लावू नगा! बटन! बटन बंद करा!"

बटन कुठे आहे ते मला आठवेना. माझं घर, मीच बसवलेलं बटन, आणि मी भिंतीकडे नुसता बघत राहिलो. शेवटी त्यानेच धावत जाऊन ते बंद केलं.

ती आडवी झाली. छाती हलत नव्हती. तो दोन्ही हातांनी छाती दाबत होता, मी तिचे तळवे चोळत होतो. तळव्यांना ओलं शेण लागलेलं, पाय गार. दुकानात मी लाकडी फळीवर होतो म्हणून करंट लागला नाही आणि इथे लाकडी पाटावर होतो म्हणून फक्त मुंग्या आल्या, हे मला तिथेच, तिचे पाय हातात असताना कळलं. मग तिने एक मोठा श्वास ओढला. कितीतरी वेळाने म्हणाली, "मुंग्या... लय मुंग्या आल्यात वं."

तिची दोन बोटं कित्येक महिने बधिर राहिली. भाकरी थापताना पीठ सैल झालं की घट्ट, ते तिला बोटांना कळेना. ती बटनाजवळ गेली, नुसती बांगडी वाजली, तरी मी हातातलं काम टाकून उठायचो. आजही उठतो.

दसरा झाल्यावर मी आयर्न खोलला. आतलं करंट अडवणारं अभ्रक तडकून काळं पडलेलं, तापणारी तार थेट नळीला टेकलेली. तो घेऊन मी तडक सांगलीला गेलो.

"तुमीच धरून बगितलासा की, पावणं," दुकानदार फळीवरून म्हणाला.

"आता तू खाली उतर. चपला काढ. फरशीवर पाणी मी वततो. आन धर हातात!"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. "उतरा की, शेट. नवाच हाय न्हवं?"

तो उतरला नाही. पायाच्या बोटांनी फळीची कड धरून उभा राहिला. मग गल्ल्यातून पैसे काढून पुढे केले. मी घेतले नाहीत.

तिसरी तार नको म्हणालो, ती माझी चूक. बायकोला ओल्या भुईवर बसवलं, तीही माझीच. त्याचा जाब मी घरात रोज देतो. पण शेट, तुला ठाऊक होतं. नसतं, तर तू खाली उतरला असतास. मग त्या दिवशी मला फळीवर का बोलावलंस? मला नको सांगूस. वडूजला ये, आणि तिच्यासमोर उभा राहून सांग.