चार बोटं पांढरी माती

पुण्याच्या कॉलेजातल्या बाई तळ्यातली माती आधी जिभेवर ठेवायच्या, मग आमच्याशी बोलायच्या. हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास तीन उन्हाळे त्या औंढ्याजवळच्या आमच्या गावी आल्या. कोरड्या तळ्यात लांब पाइप ठोकून आतला गाळ काढायच्या. पाइप ओढायला मी. दुसरी शिकलोय, पण मातीतलं मला कुणी शिकवायचं न्हाई, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"बरं झालं. मग तोंड मिटून ओढा, मामा."

जीभ अशी. कुणाला लागेल याची फिकीर नसायची.

काळा गाळ म्हणजे तळं भरलेलं. बाईंना हवा होता पांढरा थर, तळं आटल्याचा. त्यांचं म्हणणं, हजारो वर्षांमागं पार उत्तरेच्या समुद्रात बर्फ वितळलं, त्या गार पाण्यानं तिकडं एकाएकी गारठा पडला आणि इकडचा पाऊस एका माणसाच्या हयातीत उठून गेला.

"समुद्र कुठं, औंढा कुठं," मी हसलो.

"पावसाला तुमची शीव दिसत नाही, मामा."

"मंग पुन्हा जाईल का?"

"गेला तर तुम्हाला विचारून जाणार नाही."

तिसऱ्या उन्हाळ्यात पांढरं लागलं. काळ्याच्या मधोमध, चार बोटं. बाईंनी पाइप उभा चिरून माझ्या ओसरीवर ओल्या फडक्याखाली ठेवला. "माझी सगळी परीक्षा यात आहे. संध्याकाळी गाडी घेऊन येते. इथून हलू नका."

"हालत न्हाई," म्हणालो. आणि शेळ्या घेऊन गेलो. बायकोला काही सांगितलं न्हाई. बायकांना काय सांगायचं?

बाई त्या संध्याकाळी आमच्याकडं जेवणार होत्या. पाहुणी येणार म्हणून बायकोनं त्या मातीनं चूल पोतारली. अशी मऊ पांढरी माती घरातच सापडली म्हणून खूश होती.

बाईंनी फडकं उचललं. पाइपातली मधली चार बोटं रिकामी. मी लगेच म्हणालो, "हिनं केलं. अडाणी हाय."

"हिला कुणी सांगितलं होतं?"

बायकोनं तापलेली चूल खुरप्यानं खरवडली, ताटलीत भरून आणलं. "घ्या बाई. समदी हाय."

"मामी, यात खालचं शेण आलं, जुना पोतारा आला. कुठल्या काळचं काय, मला कळायचं नाही. रडू नका. रडून थर लागत नाही."

"दिसला व्हता असं लिव्हा की," मी म्हणालो. "मी साक्षीला येतो."

"हातात नाही ते मी लिहीत नाही. आणि साक्षीदार तुम्ही?"

त्याच चुलीपुढं बसून त्या पोटभर जेवल्या. पुरण चांगलं झालंय म्हणाल्या. पुन्हा आल्या न्हाईत.

काही वर्षांनी दुसरे एक सर तळं बघायला आले. म्हणाले, "मॅडमनी लिहिलंय, इथं पांढरा थर मिळाला नाही." बाईंनी ना माझं नाव घेतलं होतं, ना हिचं.

"मिळाला व्हता," मी म्हणालो.

"मग गेला कुठं?"

बायको दारात उभी होती. मी तिच्याकडं हात केला.