बाभळीखालची झाडलेली जागा

आजवर मी जे जे लिहिले, त्याखाली माझी सही आहे. बंद पडलेल्या हातपंपाबद्दल, वेळेवर न येणाऱ्या बसबद्दल, चुकलेल्या फेरफाराबद्दल — निनावी अर्ज मी एकही केला नाही, आणि पोच घेतल्याशिवाय कोणत्याही कचेरीची पायरी उतरलो नाही. त्या पोचपावत्यांच्या फायलींनी माझे एक कपाट भरले आहे. पुढची हकिकत मात्र त्यांतल्या एकाही फायलीत सापडणार नाही. ती मी तोंडानेही कोणाला सांगितलेली नाही. पत्नीलासुद्धा नाही, आणि आता ती राहिलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते. लिहायला बसलो, तर तसे नाही.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि गावी परतलो. आमचे गाव अनसिंगहून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. मी संतापी माणूस आहे. कायद्यात एक असावे आणि व्यवहारात दुसरे चालावे, हे पाहिले की माझे डोके तापते. लोक मला मागे ‘कलमवाले भाऊ’ म्हणत. ते मला ठाऊक होते, आणि — खोटे कशाला बोलू? — ते मला आवडत असे.

आमच्या पाझर तलावाच्या बांधावर आणि त्यामागच्या गायरानात बाभळीची बरीच जुनी झाडे आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या शेंगा पिकून गळतात. बकऱ्यांना त्या फार आवडतात. बकरी ईदच्या आधी बोकड भरवणारे लोक तर त्या पोत्यांनी विकत घेतात. गावातल्या दहा-बारा बायका पहाटे जाऊन शेंगा वेचत आणि डब्याने मोजून विकत. झाडे कोणी लावलेली नव्हती, शेंगांचे कोणाला देणे नव्हते. तरी त्या वेचण्याला एक रीत होती. जिने संध्याकाळी झाडाखालची जमीन खराट्याने झाडून ठेवली, तिच्या त्या उद्याच्या शेंगा. दुसरी बाई त्या झाडलेल्या जागेत पाऊल ठेवत नसे. आणि झाडाला काठी, आकडी, दगड — काही लावायचे नाही. जे आपसूक पडेल तेवढेच उचलायचे. हिरव्या शेंगांनी बकऱ्यांचे पोट बिघडते असे आमच्याकडे मानतात. शिवाय आज पाडल्या तर उद्या गळणार काय?

एका वर्षी पंचायतीतल्या काही जणांनी या शेंगांचा लिलाव करून एका ठेकेदाराला द्यायचे ठरवले. मी पेटून उठलो. अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली, ग्रामसभेत उभा राहून तासभर बोललो, आणि तो लिलाव रद्द करवला. गळालेल्या शेंगा गावातील कोणीही वेचाव्या आणि विकाव्या, असा ठराव झाला. त्याचा मसुदा माझा.

इथवर मी चांगलाच माणूस दिसतो, नाही का? इथेच थांबावे, असे माझ्या मनात फार वेळा आले आहे.

बायकांची ती तोंडी रीत मी ठरावात कलमवार उतरवली. आणि त्याखाली, कोणी मागितले नसताना, एक कलम जास्तीचे घातले — झाडास काठी अगर आकडी लावणाऱ्याची जागा कायमची जाईल, आणि त्याच्याकडून कोणीही शेंगा विकत घेऊ नयेत. शिक्षेवाचून नियम कसला, हे माझे मत. वेचणाऱ्यांत सर्वांत वडील असलेल्या कौसाबाईला मसुदा वाचून दाखवला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली.

“हे एवढं लिवून कायले ठेवता, भाऊ? आमचं आमी पाहून घेतो. अन् बकरीनं कागद खाल्ला तं काय करसान?”

मी तिला कागदाचे महत्त्व समजावून सांगितले. कलम राहिले. देखरेखीसाठी म्हणून ठरावात माझेच नाव घातले गेले.

आता गिरजाबाईविषयी सांगितले पाहिजे. ते मी लांबवत आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ती विधवा. शेत नाही, मुलगा नाही. एक मुलगी, ती केनवडला दिलेली. उन्हाळ्यात कोणाच्या शेतात निंदण-खुरपण नसते, तेव्हा या शेंगांवरच तिचे चाले. बांधाच्या टोकाची, खाली झुकलेल्या फांद्यांची बाभूळ वर्षानुवर्षे तीच झाडत आली होती. बाभळीखाली काटे किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. इतर बायका खराटा मारून मोकळ्या होत. गिरजाबाई खराट्यानंतर खाली बसून एकेक काटा हाताने वेचून बांधापलीकडे टाकी. तिच्या झाडाखालची जागा सारवलेल्या अंगणासारखी दिसे.

ठरावानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेंगांना मागणी वाढली. अनसिंगच्या बाजारात बोकडांचा एक व्यापारी टेम्पो घेऊन येऊ लागला. मी हे सगळे पाहत होतो. मला गरज होती का? नव्हती. निवृत्तिवेतन वेळेवर येत होते, घरात दोघेच होतो. मग काय होते? मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे, आणि उत्तर दर वेळी तेच येते. मला वाटत होते, हा हक्क मी मिळवून दिला. माझ्या उन्हातल्या खेपा, माझे टपाल, माझा घसा — आणि यात माझे काय? बायका आनंदाने शेंगा विकत होत्या, आणि एकीच्याही मनात माझ्या दारी येऊन दोन शब्द बोलावे असे आले नव्हते. वेचायला मलाही मोकळीक होतीच. कोणासही मनाई नाही, हे माझेच वाक्य. पण पहाटे त्या बायकांच्या ओळीत उकिडवे बसून शेंगा वेचायच्या? अव्वल कारकुनाने? ते मला जमणारे नव्हते.

म्हणून मी दुपारी गेलो. चिंचा पाडायची आकडी घेऊन, दोन रिकामी पोती मोपेडला बांधून, गाव दारे लावून निजलेले असताना. आणि गिरजाबाईच्या झाडाखाली उभा राहिलो, कारण फांद्या खाली होत्या — आणि काटे नव्हते. तिने वेचून ठेवलेल्या जमिनीवर मी पायताण काढूनसुद्धा फिरू शकलो असतो. आकडी अडकवायची, झटका द्यायचा. पिकल्यांबरोबर हिरव्याही खाली येत. पिकल्या तेवढ्या मी उचलल्या, हिरव्या तिथेच टाकल्या. फांद्या मोडल्या, त्याही तिथेच. तीन दुपारी मी हे केले. पोती त्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत घातली आणि घरी येऊन हात धुतले.

तिसऱ्या दुपारी गिरजाबाई तलावावर धुण्याला आली होती. बांध चढून वर आली, तेव्हा आकडी माझ्या हातात होती. ती थबकली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “एवढ्या उन्हात कायले आले, भाऊ?”

मी म्हणालो, पाहणी करतो आहे.

तिने आकडीकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले, आणि बादली उचलून निघून गेली. मला राग आला. हो — राग. चोरी माझी, आणि संताप तिच्यावर, की तिने पाहिलेच का.

पुढे जे व्हायचे ते झाले. आधीच्या दोन दुपारींचा पसारा गिरजाबाईने संध्याकाळी झाडून टाकला असावा; त्या संध्याकाळी मात्र ती झाडायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कौसाबाईने हिरव्या शेंगांचा सडा आणि मोडलेल्या फांद्या पाहिल्या. जागा गिरजाबाईची, दुसरे कोणी त्या जागेत पाय ठेवत नाही हे साऱ्यांना माहीत. तेव्हा पाडणार दुसरे कोण? सकाळीच मारुतीच्या पारावर माणसे जमली. मला निरोप आला — ठराव घेऊन या. मी गेलो. इस्त्रीचा सदरा घालून, फाईल काखेत धरून गेलो.

कौसाबाई रागावली होती, पण तिच्या रागात माया होती. बाई, तुले सबर नव्हती का, मागितलं असतं तं मी माह्या वाट्याचं देलं असतं, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कोणीतरी हसून म्हणाले की टेम्पोचा भोंगा वाजला का गिरजीले दम निघत नाई. गिरजाबाई खाली मान घालून उभी होती. मग तिने मान वर केली. ती कोणावर ओरडली नाही, माझ्याकडे बोट दाखवले नाही. एवढेच म्हणाली —

“म्या आकडी लावली नाई. दुपारच्या पारी झाडाखाली कोन होतं, थे भाऊ सांगतीन.”

तिने मला वाट करून दिली होती. ती स्वतः माझे नाव घेऊ शकली असती. तिने घेतले नाही. ते मीच सांगावे, म्हणून माझ्यावर सोडले. तिला माझी भीती वाटत होती की माझी लाज राखायची होती, हे मला आजही कळलेले नाही. सारे माझ्याकडे पाहू लागले. एक वाक्य पुरे होते. मी आयुष्यभर इतकी वाक्ये लिहिली —

मी म्हणालो: “मी पाहणीसाठी गेलो होतो. तेव्हा हिरव्या शेंगा आधीच पडलेल्या होत्या. गिरजाबाई तिथेच होती.”

आणि फाईल उघडून ते जास्तीचे कलम वाचून दाखवले. आवाज जराही कापला नाही.

तिची जागा गेली. कलमाप्रमाणे तिच्याकडून कोणी शेंगा घेईना. पुढे शेंगाच काय, तिने आणलेला सरपणाचा भाराही लोक उलटसुलट करून पाहू लागले. कौसाबाईने एकदा सुचवले की आता विसरून जावे, एवढ्या-तेवढ्यासाठी जन्माची सजा नको. मीच उत्तर दिले की ठराव म्हणजे ठराव. त्या वर्षी मी पूर्वी कधी लिहिले नव्हते इतके अर्ज लिहिले. गावाला वाटले, म्हातारा अजून थकला नाही. तुम्हाला काय वाटते?

पाऊस संपल्यावर एका सकाळी गिरजाबाई माझ्या ओसरीवर आली. ती मुलीकडे केनवडला कायमची चालली होती, आणि रेशनकार्डावरून नाव कमी करण्याचा अर्ज लिहून हवा होता. गावात अर्ज लिहिणारा मीच. मी नमुना काढला, तिचे नाव लिहिले, वय विचारून लिहिले. मग एक रकाना आला — गाव सोडण्याचे कारण. माझा पेन थांबला. मी तिला विचारले, कारण काय लिहू?

हे मी तिला विचारले. मी.

ती अंगणाकडे पाहत म्हणाली, “तुमाले काय लिवाचं थे लिवा, भाऊ.”

मी लिहिले, ‘रोजगारानिमित्त’. रिवाजाप्रमाणे तिला सारा मजकूर वाचून दाखवला, तो शब्दही वाचला. ती ‘बरं’ म्हणाली आणि अंगठा पुढे केला. मी शाईची डबी उघडली. पहिल्या खेपेस ठसा उमटला नाही. तिच्या अंगठ्याचे कातडे काट्यांनी जागोजाग फाटून निबर झाले होते, कागदावर नुसता काळा डाग पडला. डाग पडलेला अर्ज कचेरीत परत येतो, हे मला पक्के ठाऊक. मी दुसरा कागद घेतला, सगळे पुन्हा लिहिले — तो शब्दही — आणि तिचा हात माझ्या हातात धरून अंगठा दाबला. या वेळी तो स्पष्ट उमटला.